बिनस्टँडची सायकल

चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरही उंच नाही. शहराभोवती डोंगर म्हणून दाखवण्यासारखं जे काही आहे, ते कोळसा खाणींतून उपसून टाकलेल्या मातीचे ढिगारे. त्यांवर चढायला परवानगी नाही आणि चढलंच तर वरून पुढचा ढिगारा दिसतो. अशा शहरात प्रस्तुत लेखकानं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मे महिन्यात, डोंगरावर चालवायची सायकल विकत घेतली. त्या दिवशी पाराही सत्तेचाळिसावरच होता. वय आणि तापमान एका आकड्यावर आलं की माणसाला एकट्यानं दुकानात पाठवू नये, असं लेखकाच्या बायकोचं तेव्हापासूनचं मत आहे.

सायकल घरी आली तेव्हा तिनं सायकलीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिचा स्टँड कुठं आहे?"

स्टँड नव्हता. मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, चेनकव्हर नव्हतं, घंटीसुद्धा नव्हती. दुकानदारानं या सगळ्या नसलेल्या वस्तूंचे पैसे मोजून घेतले होते. "माउंटन बाइकला स्टँड नसतो सर, वजन वाढते," असं त्यानं समजावलं होतं आणि ब्याऐंशी किलोच्या लेखकाला ते पटलं होतं. अर्ध्या किलोच्या आतलं ते लोखंड वाचवल्याच्या आनंदात त्यानं येताना जटपुरा गेटजवळ थांबून दोन प्लेट भजी खाल्ली.

पुढचा महिनाभर ती सायकल टेकायला जागा शोधत घरभर हिंडली. तुळशीवृंदावनाला टेकली तेव्हा लेखकाच्या आईनं ती उचलून फाटकाबाहेर ठेवली. शेजारच्या स्कूटीला टेकली तेव्हा दोघी मिळून पडल्या. कूलरला टेकली तेव्हा कूलर सरकला, आणि मे महिन्यातल्या चंद्रपुरात कूलर सरकणं ही काय चीज आहे, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला सांगून कळणार नाही.

म्हणून लेखकानं ठरवलं, की स्टँड घ्यायचा. पण साधा नाही. सायकल हवेत धरून ठेवणारा, दुरुस्तीचा.

हे घरात समजावताना फार त्रास झाला. चंद्रपुरात स्टँड दोनच. एक एसटीचा आणि दुसरा कूलरचा. तिसरा स्टँड असतो, तो सायकलीला जोडलेला नसून सायकलच त्याला जोडायची असते आणि जोडल्यावर ती चालवता येत नाही, हे ऐकून आई म्हणाली, "मंग घेतली कायले?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्यामागं धुळीचं कारण होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर चौथं आलं होतं. वीज केंद्राची राख आणि खाणींचा कोळसा यांचं जे मिश्रण इथल्या हवेत असतं, ते तेल लावलेल्या चेनवर असं बसतं की आठवड्याभरात चेनची काळी वात होते. जुनोन्याच्या रस्त्यानं सकाळी फिरून आलं की पोटरीवर दातेरी चक्राचा ठसा उमटलेला असतो. तो साबणानं जात नाही. लेखक एका लग्नाला अर्ध्या पँटीत गेला नाही, हेच नशीब.

चेन धुवायची तर मागचं चाक अधांतरी फिरायला हवं. आपल्याकडे त्यासाठी सायकल उलटी करतात. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आभाळाकडे. तीन पिढ्यांनी पंक्चरं याच आसनात काढली. पण लेखकाच्या सायकलीला हायड्रॉलिक ब्रेक होते, म्हणजे दांडी दाबली की नळीतलं तेल पॅड दाबतं. तेलाच्या टाकीत वरच्या बाजूला थोडी हवा राहिलेली असू शकते. सायकल उलटी केली की ती हवा नळीत शिरू शकते आणि मग ब्रेक दाबला की भिजलेल्या पोळीसारखा लागतो. सायकल सुलटी करून थोडा वेळ दांडी दाबत बसलं की बहुतेक वेळा तो ताळ्यावर येतो. पण हे लेखकाला नंतर कळलं. आधी उतार लागला होता.

*

कोपऱ्यावर कडुनिंबाखाली एक सायकलवाले भाऊ बसतात. पंपाची नळी, पाण्याचं घमेलं, पत्र्याच्या पेटीत पाने आणि छर्रे. फांदीवरून दोन साखळ्या सोडलेल्या, त्यांच्या टोकांना आकडे. एक आकडा सीटच्या नाकाला, दुसरा हँडलला. सायकल दोन फूट वर. ओव्हरहॉलिंगला ते सगळ्या विदर्भासारखं ‘ओरायलिंग’ म्हणतात आणि ते त्यांच्याइतकं नीट कुणी करत नाही.

लेखक सायकल घेऊन गेला.

"आणा, उलटी करतो."

"उलटी नका करू भाऊ. हायड्रॉलिक आहे."

"मंग टांगतो."

त्यांनी आकडा हँडलला अडकवला, तो नेमका ब्रेकच्या नळीवर बसला. लेखक असा ओरडला की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"साहेब," भाऊ शांतपणे म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, सायकली टांगून राह्यलो. एकही पडली नाही जी."

लेखकानं सायकल उतरवली आणि घरी आणली. चाळीस वर्षांत एकही न पडण्याचा विक्रम असलेल्या माणसाकडून ती घेऊन तो स्वतःच्या हवाली करत होता. पण यंत्राची पुस्तिका वाचलेल्या माणसाला यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल जी एक दया वाटते, ती त्याला त्या क्षणी वाटत होती.

रात्री त्यानं मोबाइलवर स्टँड मागवला. सहा हजार दोनशे रुपये.

"मानव विकासच्या सायकली मिळतात ना शाळेत पोरींना," बायको हिशेब करत म्हणाली. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देतं; गडचिरोली, चंद्रपूरच्या गावोगावच्या रस्त्यांवर सकाळी दहाला या सायकलींची रांग दिसते. "त्या अख्ख्या सायकलीले सरकार देते त्याच्याहून हा स्टँड महाग? अन् त्या सायकलीले स्टँड असते!"

*

दुरुस्तीच्या स्टँडचा इतिहास मात्र लेखकाच्या बाजूचा निघाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात, हॉवर्ड हॉकिन्स आणि आर्ट एंगस्ट्रॉम नावाचे दोघे एक दुकान चालवायचे. वाकून वाकून, गुडघ्यावर बसून सायकली दुरुस्त करण्याचा कंटाळा आला म्हणून त्यांनी स्वतःच एक स्टँड जुळवला. त्यात जेवणाच्या टेबलाचे पाय होते, १९३७ च्या फोर्ड ट्रकचा एक भाग होता आणि बुडाला वजन हवं म्हणून काँक्रीट भरलेलं तोफेच्या गोळ्याचं रिकामं कवच होतं. त्यातून १९६३ मध्ये पार्क टूल ही कंपनी उभी राहिली आणि आज जगभरच्या सायकल दुकानांत तिची निळी हत्यारं दिसतात. थोडक्यात, ज्याला आपण जुगाड म्हणून हसतो, तेच सेंट पॉलला केलं की कंपनी होते.

हे वाचून लेखकाला सुचलं ते एवढंच, की स्टँड येईपर्यंत आपणही बुडाच्या वजनाची सोय करून ठेवावी. चंद्रपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. शेजारचे एक गृहस्थ तिथं नोकरीला. लेखकानं त्यांना कुंपणावरून हाक मारली.

"तिकडे तोफगोळ्याचं एखादं रिकामं कवच—"

शेजाऱ्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "हे वाक्य तुम्ही बोलले नाही अन् मी ऐकलं नाही," असं म्हणून ते आत गेले आणि पुढचे तीन आठवडे त्यांच्या घराची त्या बाजूची खिडकी उघडली नाही.

*

स्टँड खोक्यातून आला. सोबत चित्रांचा कागद. चित्रातल्या माणसाला चेहरा काढलेला नव्हता, त्यामुळे स्टँड जोडताना त्याला त्रास होत होता की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. तीन पाय, एक खांब आणि वर एक जबडा. जबड्याच्या आत रबर आणि मागं एक फिरकी. सायकलीचा कुठला तरी भाग जबड्यात द्यायचा आणि फिरकी फिरवून आवळायचा. कुठला भाग, ते चित्रात बोटाएवढ्या बाणानं दाखवलं होतं आणि त्या बाणावरच पार्सलवाल्याचा स्टिकर होता.

मग नेहमीप्रमाणे गल्ली जमली.

समोरचे काकाजी वनखात्यातून निवृत्त. तीस वर्षं आलापल्लीकडे काढलेली, त्यामुळे लाकडात मोजता येत नाही अशा कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना संशय असतो. "हे पत्र्याचं खेळणं कायले आणलं? सागवानाची चौकट करून घ्यायची ना. अयोध्येच्या मंदिराले २०२३ मध्ये आपल्याच बल्लारपूरच्या डेपोतून सागवान गेलं. रामाले चालते, तुमच्या सायकलीले नाही चालत?"

आईनं दारातूनच विचारलं, "बकरीले कुठं धरतेत? तिथंच धर." हे ऐकून सगळे हसले. प्रत्यक्षात त्या दिवशी दिल्या गेलेल्या सल्ल्यांत सत्याच्या सगळ्यात जवळचा तोच होता, हे पुढं येईलच.

शेवटी काकाजींनी निकाल दिला. "मधोमध धरा. वजनाचा मध्य म्हणते त्याले."

मधोमध म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत जाणारी वरची आडवी नळी. दिसायला ती पैलवानाच्या दंडासारखी जाड. लेखकानं ती जबड्यात दिली आणि फिरकी आवळली. सायकल वर गेली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की माणूस थांबत नाही. त्यानं अजून अर्धा आटा दिला. काकाजी म्हणाले, "अजून थोडं." त्यानं अजून अर्धा दिला. तेव्हा आतून एक बारीकसा आवाज आला. थंड पेयाचा रिकामा डबा दोन बोटांत दाबल्यावर येतो, तसा.

नळीला पोचा आला होता. बोटाचं पहिलं पेर बसेल एवढा.

या पोच्याचं मूळ थेट १८९७ सालात आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी एक युक्ती पेटंट करून घेतली. सायकलीच्या नळीवर ताण येतो तो जोडावर, म्हणजे टोकांना. मग तिची जाडी टोकांना जास्त ठेवावी आणि मधे कमी, वजन वाचतं. तीच युक्ती पुढे अॅल्युमिनियमच्या सायकलीतही आली. लेखकाच्या नळीची भिंत मधोमध जेमतेम मिलिमीटरभर होती. ती नळी उड्या सोसते, खड्डे सोसते, ब्याऐंशी किलोचा लेखकही सोसते, कारण हे सगळं तिच्या लांबीच्या दिशेनं येतं. बाजूनं चिमटा घ्यायला मात्र ती बनवलेलीच नाही. आणि काकाजींच्या सल्ल्यानं नेमकी तीच जागा धरली होती, जिथं कंपनीनं कष्ट करून धातू काढून टाकला होता.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्याच्याकडे कार्बनची सायकल आहे. कार्बनला पोचाही येत नाही, सरळ तडा जातो.

"मामा, टॉप ट्यूबला क्लँप लावला?" एवढंच विचारून तो गप्प झाला. ही शांतता लेखकानं यापूर्वी फक्त मयताच्या घरी ऐकली होती.

"मग कुठं लावायचा?"

"सीटपोस्टला. सीटच्या खालचा दांडा. तो आत जाडजूड असतो, बिघडला तरी एकटा बदलता येतो."

म्हणजे मानगुटीखाली. आईनं सांगितलं होतं, बकरीला धरतात तिथं.

*

भाच्यानं फोनवर दिलेल्या सूचना लेखकानं दूधवाल्याच्या कार्डामागं लिहून घेतल्या. सीट वर ओढायची, म्हणजे दांडा जबड्यात मावेल एवढा उघडा पडतो. पण दांड्यावर एक रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दांडा पुसून घ्यायचा, कारण त्यावर राखेची धूळ असली तर रबराचा काचकागद होतो. चिंधी गुंडाळायची. सायकल हातानं हलवून फिरत नाही एवढंच आवळायचं. काही महागड्या सायकलींचा दांडा बटण दाबलं की वरखाली सरकतो. त्याचा वरचा गुळगुळीत भाग धरला तर चरे पडून आतलं सील जातं, म्हणून तिथं खालचा जाड, न सरकणारा भाग धरायचा. लेखकाच्या सायकलीला तसलं काही नव्हतं. तरी त्यानं तेही लिहून घेतलं. न लागणारी माहिती लिहून घेण्यात त्याचा हातखंडा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सीट वर ओढली, दांडा पुसला, आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, जबडा बेतानं आवळला आणि हात सोडले.

सायकल झोकात उभी होती. चहा घेऊन तो परत आला, तेव्हा जबड्यात फक्त सीट होती. दांड्यासकट, ताठ, शहामृगाच्या मुंडीसारखी. खालची सायकल निघून गेली होती. फार लांब नाही, फरशीवर.

सीट वर ओढण्यासाठी फ्रेमवरची कडी सैल केली होती, ती परत आवळायची राहून गेली होती. कार्डामागं हे नव्हतं. भाच्याचं म्हणणं, एवढं कुणाला सांगावं लागत नाही. स्टँडच्या बाजूनं सांगायचं तर त्यानं दिलेला शब्द पाळला. जे धरायला सांगितलं होतं, ते त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही.

कडी आवळली. पुढचा दिवस पायांचा. तीन पायांच्या स्टँडला एक साधी अट असते, की सायकल ज्या बाजूला लटकते त्या बाजूला खाली एक पाय पसरलेला हवा. लेखकानं तो पाय भिंतीकडे केला होता, कारण येता-जाता अडखळायला होतं. त्यात आपल्याकडच्या अंगणाला मोरीकडे उतार ठेवलेला असतो. पाणी जावं म्हणून गवंडी तो काळजीनं काढतो. पाण्यापाठोपाठ सायकलही गेली.

म्हणून स्टँड बैठकीत आला. बैठकीतल्या टाइल्स सपाट होत्या. तिथं बायकोनं अट घातली, की खाली वर्तमानपत्र पसरायचं. वर्तमानपत्रावर स्टँडचे रबरी पाय बर्फावरच्या खेळाडूसारखे घसरतात, हे एका रविवारी सिद्ध झालं. वर्तमानपत्राचं नाव इथं देण्याचं कारण नाही. पुरवणीचा कागद होता.

मग मागचं चाक काढण्याचा दिवस. दोन चाकांची सायकल सीटच्या दांड्यावर बऱ्यापैकी तोललेली असते. मागचं चाक काढलं, की पुढचा भाग जड होतो आणि जबड्याची पकड जरा कमी असेल तर सायकल नाकावर वळते. हँडल आपल्या मनानं गर्रकन फिरतं. माहीतगार लोक ते फ्रेमला पट्ट्यानं बांधून ठेवतात. लेखकाला पट्टा सापडेपर्यंत हँडलचं एक टोक शोकेसच्या काचेपर्यंत पोचलं होतं. काच फुटली नाही. आतला ताजमहाल पडला.

एवढ्यात मागच्या घरातला सहा वर्षांचा मुलगा आला. लटकलेली सायकल बघून कुठलंही मूल करील तेच त्यानं केलं: ब्रेक दाबला. एकदा नाही, गंमत वाटली म्हणून दहा-बारा वेळा. चाक काढल्यावर मधे चकती नसते, त्यामुळे दर दाबेला दोन्ही पॅड एकमेकांच्या जवळ सरकत गेले आणि शेवटी भांडण मिटलेल्या जावांसारखे गळ्यात गळे घालून बसले. चाक परत बसेना. ते पॅड प्लास्टिकच्या चपट्या पट्टीनं हळूच मागं ढकलावे लागतात आणि चाक काढल्या काढल्या मधे पुठ्ठ्याची घडी सारली तर ही वेळच येत नाही. लेखकानं स्क्रू-ड्रायव्हर वापरला. एक पॅड खरवडलं गेलं. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही रोज सायकल काऊन तोडता?"

पॅडल घट्ट करायचा प्रयोग वेगळा सांगत नाही. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात आणि एवढा जोर लावायचं काम स्टँडवर न करता चाकं जमिनीवर ठेवून करायचं असतं, या दोन गोष्टी लेखकाला एकाच क्षणी कळल्या. तेव्हा तो स्टँडखाली होता.

त्याला धीर देणारी गोष्ट एकच. या जातीच्या सायकलींच्या वाडवडिलांचं आयुष्यही दुरुस्तीतच गेलं. कॅलिफोर्नियात मरिन काउंटी नावाच्या भागात ऑक्टोबर १९७६ मध्ये काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची शर्यत लावली. मागच्या चाकातला ब्रेक उतारावर इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर निघायचा आणि प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझ यांनी डोंगरासाठी म्हणून वेगळी फ्रेम बनवली आणि हा सगळा व्याप जगाच्या मागं लागला. चंद्रपुरात मे महिन्यात ग्रीस वितळायला डोंगर उतरावा लागत नाही. सायकल दुपारी अंगणात ठेवली तरी काम होतं.

*

पावसाळा सरल्यावर लेखक सायकल गाडीवर बांधून गडचिरोलीकडे गेला. व्याहाडच्या पुढं वैनगंगा ओलांडली, की १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा सुरू होतो आणि धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की खरोखरीचं जंगल. इथं डोंगरसायकल चालवण्यात अर्थ आहे. गेअर बदलताना चेन अडकली तेव्हा आसपास एक आठवडी बाजार, एक चहाची टपरी आणि मोहाच्या झाडाखाली सायकली दुरुस्त करणारा एक म्हातारा होता.

त्याच्याजवळ तीन बांबू होते. वरती एकत्र बांधलेले, खाली पाय पसरलेले. गाठीतून जुन्या ट्यूबचा एक फास लोंबत होता. त्यानं सायकलीकडे एकदा पाहिलं, फास सीटच्या नाकाखालून घेऊन दांड्याभोवती वळवला, आणि सायकल मागून वर उचलली गेली. पुढचं चाक जमिनीवर, मागचं हवेत. नळीला धक्का नाही, ब्रेकच्या नळीला आकडा नाही, सायकल उलटी नाही. बांबूचा एक पाय बरोबर सायकलीखाली होता. त्यानं तो मुद्दाम ठेवला नव्हता. दुसरीकडे ठेवायचा विचारच त्याच्या डोक्यात आला नसणार.

"हे कुठं शिकले, बाबा?"

"का शिकाचं हाय यात?"

दहा मिनिटांत चेन सुटली. त्यानं वीस रुपये मागितले आणि पोच्यावरून अंगठा फिरवून विचारलं, "बैलानं मारली का?" लेखक हो म्हणाला.

परत येताना त्याच्या डोक्यात बांबू शिरला होता. तीन बांबू, एक जुनी ट्यूब. सहा हजार दोनशेचा स्टँड कुणाला तरी विकून टाकायचा. घरी येऊन त्यानं काकाजींना विचारलं, की बांबू कुठून आणावा.

"वाहतूक परवाना आहे?" काकाजींच्या आतला वनपाल उठून बसला.

बांबूचं प्रकरण खरंच तसं आहे. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं बांबू गवत आहे. पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं. याच धानोरा रस्त्यावरच्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तरी बांबू विकायला वाहतुकीचे परवाने आपल्या हातात यावेत म्हणून भांडावं लागलं. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा ग्रामसभेला ते मिळाले. आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाड नाही, हे कायद्यानं मान्य करायला २०१७ साल उजाडलं. नव्वद वर्षं एक गवत झाड म्हणून वावरत होतं. काकाजींची सगळी नोकरी त्याच काळातली.

"आता बाहेरचा बांबू चालते काकाजी. कायदा बदलला."

"कायदा बदलला असंल," काकाजी म्हणाले. "मी नाही बदललो."

बांबू राहून गेला.

*

दिवाळीच्या आधी एका रविवारी सायकलवाले भाऊ फाटकाशी उभे राहिले. गल्लीतल्या पोरांकडून त्यांनी स्टँडबद्दल ऐकलं होतं. बैठकीत येऊन त्यांनी चप्पल काढली, स्टँडभोवती एक फेरी मारली, एक पाय उचलून सायकलीच्या बाजूला फिरवून ठेवला, फिरकी दोन बोटांनी थोडी सैल केली, सीट धरून सायकल हलवून पाहिली. लेखक पाच महिन्यांत जे शिकला होता ते त्यांनी अर्ध्या मिनिटात, एक शब्द न बोलता केलं.

मग पोच्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. हा माणूस सभ्य आहे.

"चांगली वस्तू आहे जी," ते म्हणाले. "पण इथं हवेत काम होते का? तिकडे सावली आहे माह्यापाशी."

"घेऊन जा," बायको आतून म्हणाली. लेखकानं तोंड उघडायच्या आत ती पुढचा पाय घडी करून देतसुद्धा होती.

आता स्टँड कडुनिंबाखाली असतो. त्याच्या बुडाशी भाऊंनी सिमेंटनं भरलेला रंगाचा डबा बांधला आहे. सेंट पॉलच्या तोफगोळ्याची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नाही. जबड्यातल्या रबरावर त्यांनी जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला आहे. शाळेच्या पोरींच्या सायकली, दूधवाल्याची, पेपरवाल्याची, सगळ्यांची सोय तिथंच होते आणि अजून एकही पडलेली नाही.

लेखक महिन्यातून एकदा आपली सायकल घेऊन जातो. साध्या ओरायलिंगचे भाऊ शंभर रुपये घेतात. लेखकाकडून दीडशे घेतात. पहिल्यांदा त्यानं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "स्टँडवर लावून केली ना, साहेब."